टाकी खोलून बघा

आमच्या ट्रकला काय झालं होतं, ते आधीच सांगून टाकते. डिझेलच्या टाकीत एक फडकं पडलं होतं. फडकं माझं होतं आणि पडलं तेही माझ्याच हातून. एवढी साधी गोष्ट उघडकीला यायला सात-आठ महिने गेले. तेवढ्या काळात चार मिस्त्री झाले, एक दुभती म्हैस विकली गेली आणि एका माणसाची रोजी गेली. मला तेव्हा म्हशीचं जास्त वाईट वाटलं होतं, हेही लिहून ठेवलेलं बरं.

ट्रक घेतला तो ऐंशीच्या आसपास. आमचं गाव पौडजवळ, रिह्याच्या खोऱ्यात. भात पिकायचा, भाताबरोबर पेंढा निघायचा, आणि पुण्यातल्या गोठेवाल्यांना पेंढा किती दिला तरी कमीच पडायचा. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, आठ-दहा वर्षं भाताच्या गिरणीवर मुकादमी केली होती. बाहेरगावचे ट्रकवाले येतात, आमचाच पेंढा आणि आमचाच तांदूळ भरून नेतात, आणि आम्ही मागून धूर बघत उभे राहतो, हे त्यांच्या मनाला लागायचं. म्हणून त्यांनी पुण्यातून एक जुना ट्रक आणला. पुढे लांब नाक असलेली गाडी. आमच्याआधी दोन मालकांकडे राबून आलेली. रंग तेवढा नवा होता, बाकी सगळं जुनं. गाडी अंगणात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मालक दिवसभर तिच्याभोवती हिंडत राहिले. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती.

ड्रायव्हर म्हणून ठेवले ते गावातल्याच बौद्धवाडीतले. मिलिटरीत ड्रायव्हर होते, पेन्शनीवर येऊन वर्षभर झालं होतं. मालकांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. तरी मालक त्यांना अरे-तुरे करायचे आणि ते मालकांना अहो-जाहो. त्यांचा चहाचा कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. मी त्यात चहा ओतायची, ते पिऊन कप धुऊन परत ठेवायचे. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आता वाटतं, पण आता वाटून कुणाचं काय भलं होणार आहे?

त्यांची काम करायची रीत मात्र मी रोज बघायची. सकाळी आले की गाडीला हात लावायच्या आधी ते गाडीखाली वाकून जमीन बघायचे. रात्रीत तेलाचा थेंब पडला असेल तर तो कुठून पडला हे शोधल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मग ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढून उजेडात धरायची. पाणी बघायचं. डिझेलच्या फिल्टरखालचा बोल्ट जरासा सैल करून खाली साचलेलं पाणी वाटीभर सोडून द्यायचं. टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायचा. झोडणीच्या दिवसांत हवेची जाळी भुश्शाने भरते म्हणून ती आठवड्यातून दोनदा धुवायची. मालक म्हणायचे, "पूजा आटपली असंल तर निघ आता."

ते हसून म्हणायचे, "मालक, रोजचा अर्धा तास ती आपल्याकडं मागती. न्हाई दिला तर एक दिस सगळाच घेती."

टाकीच्या तोंडात पितळी जाळी असायला हवी होती, ती आमच्या गाडीला नव्हती. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या वेळी निघाली असेल. टाकीच्या आत डिझेल ओढणारी जी नळी असते, तिच्या टोकाची जाळीही झडून गेलेली. ड्रायव्हरने पहिल्याच आठवड्यात दोन्ही जाळ्या मागितल्या. मालक "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हटलं की ते बघायचं नाही असंच ठरलेलं असायचं.

डिझेलचा पंप आमच्या बाजूला नव्हता. पुण्याकडून आठ-पंधरा दिवसांनी पिंप भरून यायचं आणि ते गोठ्याशेजारच्या खोलीत कुलपात राहायचं. किल्ली माझ्या कमरेला. मालकांचं म्हणणं असं, की ड्रायव्हर कितीही सोन्यासारखा असला तरी डिझेल दिसलं की त्याचा हात खाजतोच. ट्रकच्या धंद्यात सगळेच असं मानतात. त्यामुळे सकाळी टाकीत डिझेल ओतायचं काम माझ्याकडे आलं. घरच्या सुनेने डिझेल ओतायचं आणि गाडीतलं कळणाऱ्या माणसाने लांब उभं राहून काच पुसायची, अशी आमची पद्धत होती.

आता आमच्या बायकांची सवय अशी, की गाळल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही. हंड्याच्या तोंडाला फडकं, दुधाच्या चरवीला फडकं, काकवी आली तरी फडकं. पिंपातल्या डिझेलमध्ये गंजाचे कण दिसायचे. मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा दुहेरी करून त्याला चारी बाजूंनी लाल दोऱ्याची टीप घातली. लाल अशासाठी, की दुधाच्या फडक्यात मिसळू नये. ते फडकं टाकीच्या तोंडावर पसरायचं, वर नरसाळं दाबून बसवायचं आणि डब्याडब्याने डिझेल ओतायचं. ड्रायव्हरने ते बघितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाळताय ते बेस हाय, वैनी. पर झाकण लावायच्या आदी फडकं हातात आलं का, ते रोज बघत जावा."

मी रोज बघायची. एक दिवस सोडून.

त्या दिवशी निम्मा डबा ओतून झाला आणि वासरू सुटलं. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सुटलेलं वासरू थेट गाईला लुचतं आणि सकाळचं दूध गेलं म्हणून समजा. मी डबा खाली टाकून धावले. वासराला ओढून बांधलं, गाईने लाथ झाडली, सासूबाई ओरडल्या. परत आले ती घाईघाईत उरलेलं ओतलं, नरसाळं उचललं, झाकण लावलं. गाडी गेली. दुपारी धुणं वाळत घालताना लक्षात आलं की लाल टिपेचं फडकं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात ते शोधत होते. ड्रायव्हर काच पुसत होते. त्यांनी विचारलं, "काय हुडकताय?"

मी म्हणाले, "काय न्हाई, फडकं. वासरानं खाल्लं वाटतं."

वासरं कापड खातात, हे काही मी बनवून सांगितलं नव्हतं. त्या वासराने आधी एक टॉवेल खाल्ला होता.

चार-पाच दिवसांनी गाडी पहिल्यांदा बंद पडली. भुकूम मागे टाकून, भूगाव सोडून पुण्याकडे निघालं की जो चढ लागतो, त्या चढावर. पेंढा भरलेला. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. ड्रायव्हरने हातपंप मारून हवा काढली, पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच. मग प्रत्येक खेपेला. सपाटीला बरी चालायची, चढाला दम टाकायची, आणि थांबून थोडं बसलं की पुन्हा तयार.

पहिला मिस्त्री पौडचा, रस्त्याकडेच्या झाडाखाली बसणारा. त्याने सांगितलं, "हवा धरतिया." नळ्या बदलल्या, वायसर बदलले. दोन खेपा नीट झाल्या, तिसरीला गाडी चढावर उभी. दुसरा मिस्त्री पुण्यातला. त्याने धूर बघितला आणि नोझल गेले म्हणून सांगितलं. नोझल नवे आले, गाडी चढावर उभी. तिसऱ्याने दोष इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर टाकला. पंप उतरवून तपासायला दिला. तो परत आला तेव्हा मालक त्याला गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आले. लेकराला एवढं जपून त्यांनी कधी आणलं नव्हतं. पंप बसला. गाडी चढावर उभी.

प्रत्येक वेळी ड्रायव्हर एकच सांगायचे, "टाकी खोलून बघा." आणि प्रत्येक मिस्त्री हसायचा. टाकीत काय असतं? तेल असतं. त्यात काय खोलायचं? मी नंतर पुष्कळ मिस्त्री पाहिले. पंप खोलायला त्यांना आवडतं, त्यात मान आहे, मजुरी आहे. टाकी खोलायला कुणालाच आवडत नाही. सगळं डिझेल उपसा, गंजलेले पट्टे काढा, अंगावर घाण घ्या, आणि आत काही नसलं तर तोंड कुणाला दाखवायचं? ड्रायव्हरने एकदा स्वतःच पट्ट्यांना पाना लावला, तर मालक बाहेर आले आणि म्हणाले, "तू गाडी चालव. मिस्त्रीगिरी करू नगंस." मग ड्रायव्हरने टाकीच्या तोंडातून तार घालून ढवळून बघितलं, बॅटरी मारून बघितली. टाकीच्या आत मध्ये पत्र्याची आडभिंत असते. तिच्या पलीकडचं काही दिसलं नाही.

एका संध्याकाळी अंगणात ते मालकांना समजावून सांगत होते. मी दारात होते. ते म्हणाले, "मालक, आत काय तरी हाय. गाडी वढ घेती तवा ते नळीच्या तोंडावर बसतंय. गाडी थांबली की सुटतंय. म्हनून तर ती पुन्ना चालू हुती."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वेळी माझ्या मनात फडक्याचा विचार आला का? आला. लख्ख आला. मग मी मनाला सांगितलं की ते वासराने खाल्लं, आणि आत जाऊन पीठ मळायला बसले.

चौथा मिस्त्री सगळ्यात मोठा. पुण्यात त्याची पत्र्याची शेड होती आणि हाताखाली माणसं होती. तो जागेवरून पूर्ण उठलासुद्धा नाही. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून त्याने ऐकलं आणि निदान केलं, की इंजिन बसलंय, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले भाग नवे घालावे लागतील. एवढ्या रुबाबात सांगितलेलं खोटं कसं असेल? मालकांनी म्हैस विकली. ती माझ्या माहेरून आलेली होती. गाडी महिनाभर त्याच्या शेडमध्ये उघडी पडून राहिली. पिस्टन नवे, लायनर नवे. ऐन पेंढ्याचे दिवस होते, आणि बाहेरगावचे ट्रक पुन्हा आमच्या खळ्यावर यायला लागले.

इंजिन करून आणल्यावर सहाव्या दिवशी गाडी त्याच चढावर, त्याच जागी थांबली.

पुढच्या बाजारच्या दिवशी मालकांनी त्या मोठ्या मिस्त्रीला पौडला बोलावून घेतलं. एसटी स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं, तिथं गाडी उभी केली. मी तांदळाच्या दोन पिशव्या विकायला त्याच गाडीतून आले होते. चार-पाच ट्रकवाले, पौडचा पहिला मिस्त्री, हॉटेलवाला, सगळे जमले. मोठ्या मिस्त्रीचं नाव पणाला लागलं होतं. इंजिन त्याने केलं होतं, तेव्हा दोष आता इंजिनात असून चालणार नव्हता. त्याने टाकीतलं थोडं डिझेल तळहातावर घेतलं, हुंगलं, आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "रॉकेल हाय यात. तुमचा ड्रायव्हर वाटंत तेल इकतोय आन वरनं रॉकेल वततोय. असल्याला इंजान काय करंल?"

सगळ्यांचा एकदम सुटकेचा आवाज निघाला. कोडं सुटलं होतं. ड्रायव्हर चोर निघाला की धंद्यातल्या सगळ्या माणसांना हायसं वाटतं, आणि बौद्धवाडीतला निघाला की गावाला जास्तच.

ड्रायव्हर म्हणाले, "मालक, आत्ता हितं टाकी खोला. काय न्हाई घावलं तर ह्या समद्यांसमोर मला जोड्यानं मारा."

मालकांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी."

त्यांनी चावी बाकड्यावर ठेवली. गाडीतून लायसनची पिशवी घेतली आणि पायी निघाले. मी पिशव्यांशेजारी उभी होते. गोठ्यातल्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. टाकीत काय जातं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या फडक्याची नाही, तर निदान डिझेल मी स्वतः गाळून ओतते एवढी साक्ष तरी मी देऊ शकले असते. मी तोंड उघडलं नाही. बाईमाणसाने हॉटेलापुढे बोलू नये, हे कारण मला फार सोयीचं पडलं.

त्यानंतर पौड रस्त्यावर त्यांना कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, जागा भरली म्हणायचे, आणि पाठ फिरली की रॉकेलवाला म्हणायचे. मग ते भुकूमच्या बाजूला दगडाच्या खाणीवर ट्रक भरायच्या टोळीत गेले. त्यांची बायको दरवर्षी आमच्याकडे भाताच्या लावणीला यायची. त्या वर्षी ती आली नाही. मी निरोप पाठवला, तरी आली नाही.

नवा ड्रायव्हर मोठ्या मिस्त्रीच्या ओळखीचा होता. गाडी त्याच्या हातातही चढावर थांबायची. पण त्याला कुणी तेल विकतो म्हणालं नाही. आता सगळे म्हणायचे, गाडीच जुनी झाली.

मग एक दिवस शेताच्या वाटेवर टाकी दगडाला घासली आणि गळायला लागली. वेल्डिंगवाल्याने सांगितलं, टाकी उतरवून, रिकामी करून, सोड्याने धुतल्याशिवाय मी आग लावणार नाही. अखेर टाकी उघडली ती अशी. त्याने आत आकडा फिरवला आणि काळंकुट्ट चिंधूक बाहेर ओढलं. मालक ते घरी घेऊन आले आणि ओट्यावर टाकून म्हणाले, "बघ. त्यानंच टाकलं. गाडी मोडीत निघाली की चोरी झाकंल, म्हनून."

फडकं तेलाने काळं झालं होतं. कडेची टीप मात्र अजून लाल दिसत होती.

मी दोन दिवस बोलले नाही. ह्या दोन दिवसांचं समर्थन माझ्याकडे नाही. आधीचे महिने मी वासराच्या नावावर घालवले होते, पण आता फडकं डोळ्यांसमोर होतं, आणि मालक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ड्रायव्हरला शिव्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना वाढताना मी सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मला वाटलं, आता मारतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. इंजान केलं, म्हस इकली, आन निगालं काय, तर बायकूचं फडकं. खोऱ्यात तोंड दाखवता यायचं न्हाई."

"आन त्येंचं काय?" मी विचारलं.

"त्याचं काय? त्याला लागलंय की काम."

त्या आठवड्यात पौडला जाते म्हणून मी निघाले आणि पौडवरून पुण्याच्या एसटीत बसून भुकूमला उतरले. खाणीवर ते ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभे राहून दगड वर देत होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि बाजूला आले. मी सगळं सांगितलं. वासरू, फडकं, लाल टीप. मान खाली घालून, एका दमात.

ते म्हणाले, "ठावं हाय."

"कदीपासनं?"

"दुसऱ्यांदा गाडी चढाला बंद पडली तवापासनं. तुमी गोठ्यात फडकं हुडकत व्हता, ते ध्यानात व्हतं."

मला राग आला. खरंच आला, स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायला किती बरं असतं. मी म्हणाले, "मंग बोलला का न्हाई? त्या दिशी स्टँडावर तरी बोलायचं."

ते शांतपणे म्हणाले, "काय बोलू? वैनीनं फडकं टाकलं म्हनू? मी म्हनलो असतो, आन मालकांनी तितंच तुमाला इचारलं असतं. तुमी व्हय म्हनला असता?"

उत्तर होतं माझ्याकडे. त्यांनाही ते माहीत होतं.

"म्हनून टाकी खोला म्हनलो," ते म्हणाले. "टाकी खोलली असती तर कुनाचं नाव घ्यायला लागलं नसतं."

मी म्हणाले, तुम्हाला परत कामावर घ्या असं मी मालकांना सांगते, तुम्ही या. त्यांनी मान हलवली. "मला हितं सांगून काय उपेग, वैनी? मला ठावंच व्हतं. जितं मला चोर म्हनले तितं सांगा." आणि ते परत दगडांकडे गेले, कारण ट्रक अर्धाच भरला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पौडला स्टँडसमोरच्या त्या हॉटेलापुढे जाऊन उभी राहिले. मालकांना विचारलं नव्हतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट धरला होता. हॉटेलवाला होता, पौडचा मिस्त्री होता, ट्रकवाल्यांपैकी तिघे होते. मी मोठ्याने म्हणाले, "आमच्या गाडीच्या टाकीत फडकं निगालं. ते माझं व्हतं. माझ्या हातनं पडलं. ड्रायव्हरनं तेल इकलं न्हाई, रॉकेल घातलं न्हाई. डिझेलची किल्ली माझ्यापाशी व्हती."

मग पौडचा मिस्त्री उठला, त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बसा, वैनी. तुमचं मन लई मोठं हाय."

मला आधी कळलंच नाही. हॉटेलवाला मान डोलवत म्हणाला, "त्याची बायकापोरं उघड्यावर आली म्हनून तुमी सोताच्या अंगावर घेताय. आमाला कळतं."

मी पुन्हा सांगितलं. लाल टीप सांगितली, वासरू सांगितलं. जितकं जास्त सांगितलं, तितक्या त्यांच्या माना जास्त डोलल्या. एक ट्रकवाला दुसऱ्याला म्हणाला, "अशी मालकीन मिळाली, तरी हरामखोरानं चोरी केली." मी चहा न घेता तिथून निघाले. हॉटेलवाला मागून हाका मारत राहिला.

संध्याकाळी मालक घरी आले तेव्हा मी शिव्या खायला तयार बसले होते. ते उलट खुशीत होते. त्यांना वाटेत दोघांनी थांबवून माझी तारीफ केली होती. मालकांना खरं काय ते माहीत होतं. तरी महिनाभराने तेही चारचौघांत म्हणायला लागले, की आमच्या घरात दयामाया फार.

मी पुढे गावात बालवाडी चालवली, पंचवीस वर्षं. त्या काळात लोकांनी मला जो मान दिला, त्यातला बराचसा ह्याच गोष्टीवर मिळालेला होता. ड्रायव्हर खाणीवरच राहिले. नंतर दगडाच्या धुळीने त्यांची छाती धरली. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्या वेळी त्यांच्या बायकोने पाणी दिलं. दुसऱ्या वेळी दार उघडलं नाही.

परवा पौडला एका लग्नात त्या वेळच्या ट्रकवाल्यांपैकी एक म्हातारे भेटले. मला ओळखून माझ्या सुनेला म्हणाले, "तुझी सासू लई थोर बाई हाय, पोरी. ड्रायव्हरची चोरी हिनं अंगावर घेतली व्हती." सुनेने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. घरी येताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं सांगून झाल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही असंच म्हणणार."